राजाचा अधिकारी आणि देशीचा वतनदार : जालना परिसरातील स्थानिक शासनाचा तौलनिक विचार

राजसत्ता राजधानीत स्थापन होते. परंतु तिची खरी कसोटी गावाच्या चावडीवर लागते. सिंहासनावरून निघालेली आज्ञा शेवटच्या खेड्यापर्यंत पोचविणारा, तेथील सारा गोळा करणारा आणि तेथील तंट्यात राजाच्या वतीने उपस्थित राहणारा मनुष्य कोण, त्याचे पोट कशावर भरते आणि तो कोणास जबाबदार असतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या राज्याच्या अंतरंगाचे दर्शन घडते. राजवंशांचा इतिहास लिहिताना हे प्रश्न सहसा मागे पडतात. प्रस्तुत विवेचनात गोदावरीच्या उत्तरेकडील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद व परतूर या मुलखाच्या संदर्भात त्यांचा विचार करावयाचा आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी यांपैकी पहिले चार तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात मोडत असे. जिल्हा नवा असला तरी त्यातील परगण्यांची घडण मात्र फार जुनी आहे.

या विचारास तुलनेची जोड देण्यासाठी इंग्लंडातील अँग्लो-सॅक्सन काळाची, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या व्यवस्थेची, निवड केली आहे. दोन्ही समाजांत काळाचे, धर्माचे व भूगोलाचे अंतर मोठे आहे, हे उघड आहे. तथापि अल्प साधनांच्या बळावर राजा दूरवरच्या वस्तीवर आपला हक्क कसा बजावतो, ही अडचण दोहोंकडे एकच होती. ती सोडविण्याचे मार्ग कोठे जुळतात आणि कोठे फुटतात, हे पाहण्यापुरताच तुलनेचा हेतू मर्यादित आहे.

१. शायर, हंड्रेड आणि रीव्ह

अँग्लो-सॅक्सन राज्यात प्रदेशाचा मोठा विभाग म्हणजे शायर आणि त्याचा पोटविभाग म्हणजे हंड्रेड. शायरच्या शिरोभागी एल्डरमन नावाचा सरदार असे. तो उच्च कुलातील असे व युद्धप्रसंगी शायरच्या सैन्याचे नेतृत्व करी. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याने केलेल्या कायद्यात असे सांगितले आहे की, हाती आलेल्या चोरास सोडून देणाऱ्या एल्डरमनने आपल्या शायरचा अधिकार गमवावा. मात्र राजाने क्षमा केल्यास गोष्ट वेगळी. अर्थात् एल्डरमन कितीही मोठा असला तरी त्याचा अधिकार राजदत्त आहे, ही जाणीव तेव्हापासूनच होती.

परंतु राजाचे रोजचे काम चालविणारा अधिकारी वेगळाच होता. त्यास रीव्ह म्हणत. राजाच्या खाजगी जमिनीची व्यवस्था पाहणे, नजराणे व दंड वसूल करणे, बाजारातील व्यवहारांस साक्षी राहणे आणि गुन्हेगारांचा पाठलाग करविणे ही त्याची कामे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी एडवर्ड राजाने प्रत्येक रीव्हने दर चार आठवड्यांनी सभा भरवावी असे फर्माविले. त्याचा पुत्र अथेलस्टन (९२४ ते ९३९) याने आणखी पुढे जाऊन, जो रीव्ह या आज्ञांकडे दुर्लक्ष करील त्याने राजाज्ञाभंगाचा दंड भरावा व त्याच्या जागी दुसरा नेमला जाईल, असे बजावले. राजाचा कायदा प्रजेइतकाच राजाच्या नोकराला उद्देशून लिहिला जाऊ लागला, ही या काळातील महत्त्वाची घटना होय. पुढे क्नूट राजाने अकराव्या शतकाच्या पहिल्या चरणात असा नियम केला की, रीव्हने राजाचा शिधा राजाच्याच मालमत्तेतून पुरवावा. लोकांवर त्यासाठी सक्ती होऊ नये. अशा नियमाची गरज भासावी, यावरूनच सक्ती किती चालत असावी याची कल्पना येते.

दहाव्या शतकाच्या अखेरीस व अकराव्या शतकात या अनेक रीव्हांपैकी एकास संपूर्ण शायरचा कारभार मिळू लागला. शायरचा रीव्ह तो शेरीफ. ब्रिटिश अमलात मुंबई शहरात आलेले शेरीफचे, म्हणजे नगरपालाचे, मानाचे पद हा त्याच शब्दाचा दूरचा वारसा आहे.

मात्र रीव्ह किंवा शेरीफ हा एकट्याने निवाडा करणारा न्यायाधीश नव्हता, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एडगर राजाच्या (९५९ ते ९७५) कायद्यानुसार शायरची सभा वर्षातून दोनदा भरे व तीत बिशप आणि एल्डरमन उपस्थित असत. निर्णय जमलेल्या जमीनदारांच्या मुखातून होई. क्नूटच्या कारकीर्दीतील हेरफर्ड येथील एका खटल्याची नोंद सुदैवाने उरली आहे. एका मुलाने स्वतःच्या आईविरुद्ध जमिनीचा दावा शायरच्या सभेत आणला. त्या सभेस बिशप अथेलस्टन, एल्डरमन रानिग, राजकार्यासाठी आलेला टोफी आणि शेरीफ ब्रायनिंग हजर होते. सभेने त्या स्त्रीकडे विचारणा करण्यासाठी माणसे पाठविली. तिने मुलाचा हक्क नाकारून आपली सर्व मालमत्ता लेओफ्लेड नावाच्या नातेवाईक स्त्रीस देत असल्याचे सांगितले. आणि सभेने ते मान्य केल्यावर लेओफ्लेडच्या पतीने हा वृत्तान्त हेरफर्डच्या मठातील धर्मग्रंथात लिहवून घेतला. येथे राजाचे अधिकारी हजर आहेत, पण निकाल शायरचा आहे.

२. देशमुख, देशपांडे आणि मजलिस

आता गोदाकाठाकडे वळावे. निजामशाहीच्या काळी आणि पुढे मोगली अमलात येथील स्थानिक कारभाराचे दोन थर स्पष्ट दिसतात. एका थरात सरकारने नेमलेले, बदलता येणारे अधिकारी होते : हवालदार, आमील, फौजदार, ठाणेदार, काजी. दुसऱ्या थरात परगण्याचे देशमुख व देशपांडे आणि गावचे पाटील व कुलकर्णी हे वतनदार. पहिल्या थरातील माणूस आज आहे आणि उद्या नाही. दुसऱ्या थरातील माणूस पिढ्यान्पिढ्या तेथेच आहे. देशमुखाकडे लागवड वाढविणे, सारा भरविणे व परगण्याचा बंदोबस्त ही कामे, तर देशपांड्याकडे परगण्याचे दप्तर. उत्तरेकडील मोगली परिभाषेत ज्यांस चौधरी व कानूनगो म्हणत, त्यांच्याच जागी हे उभे होते.

राज्ये बदलली तरी हा दुसरा थर हलला नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या ठोसर घराण्याकडे गावचे कुलकर्ण होते, असे परंपरा सांगते. तेव्हा मुलूख निजामशाहीचा होता व मलिक अंबर जमाबंदीची घडी बसवीत होता. १६३६ मध्ये निजामशाही लयास गेली आणि मोगल आले. १६५२ पासून औरंगजेबाच्या दक्षिण सुभेदारीत दिवाण मुर्शिद कुली खान याने बालाघाटाची नवी जमाबंदी हाती घेतली. एकामागून एक आलेल्या या सर्व प्रशासकांना शेताची प्रत, गावाची सीमा व मागील वर्षांचा वसूल विचारावयाचा तो गावच्या कुलकर्ण्याला व परगण्याच्या देशपांड्यालाच. तलवारीने मुलूख घेता येई. दप्तर मात्र मागून घ्यावे लागे. वतनदाराचे सामर्थ्य त्याच्या गढीत होते त्याहून अधिक त्याच्या रुमालात बांधलेल्या कागदांत होते.

न्यायदानातही हे दोन थर एकत्र येत. वतनाचा, सीमेचा किंवा वडीलपणाचा तंटा उद्भवला म्हणजे मजलिस भरे. तीत दिवाण म्हणजे सरकारी अधिकारी आणि गोत म्हणजे वतनदार, पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार असे दोन्ही पक्ष बसत. साक्षी होत, प्रसंगी दिव्य होई, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर काजीचा शिक्का, देशमुख-देशपांड्यांच्या सह्या, पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. हेरफर्डच्या धर्मग्रंथातील नोंद आणि महाराष्ट्रातील महजर यांचे नाते येथे दिसते. दोहोंत राजाचा माणूस उपस्थित असणे आवश्यक आहे; परंतु निकालास वजन येते ते स्थानिक जनांच्या साक्षीमुळे.

तरीही या संस्थेचे अवास्तव गौरवीकरण करता येणार नाही. गोत म्हणजे सर्व गाव नव्हे. सीमेच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, पण मजलिसीतील मानपानात त्याचे स्थान शेवटचे असे. स्त्रिया क्वचितच पक्षकार म्हणून पुढे येत. ज्याच्यापाशी वतन नाही अशा उपऱ्या कुळास बोलण्याचा हक्क जवळजवळ नव्हता. अँग्लो-सॅक्सन सभांतही गुलामांना स्थान नव्हते. दोन्हीकडे सभा होती ती हक्कदारांची.

३. दोअंमल व मक्ता

अठराव्या शतकात या परिसरावर एका वेगळ्याच प्रकारची सत्ता नांदली. १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाने निजाम-उल्-मुल्काला हा हक्क मान्य करावा लागला. त्यामुळे अनेक परगण्यांत निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार असे दोन वसुली अधिकारी शेजारी शेजारी काम करू लागले. यासच दोअंमल म्हणत. पुढे जालना शिंद्यांच्या ताब्यात आले, अंबडचा परगणा होळकरांकडे होता. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला, आणि ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा मुलूख, जालन्याचा किल्ला व परगणा यांसह, त्यांच्या हातून गेला. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनीही सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपले हक्क सोडले. सारा प्रदेश पुन्हा निजामाच्या एकछत्री अमलाखाली आला.

पण छत्र एक झाले म्हणून कारभार एक झाला, असे नव्हे. चंदुलालाच्या काळात हैदराबाद संस्थानात मक्त्याची पद्धत बोकाळली होती. तालुकदार हा शब्द तेव्हा सरकारी नोकराचा नव्हे, तर वसुलीचा करार करणाऱ्याचा वाचक होता. तो सरकारास ठराविक रक्कम देई व तिच्यापेक्षा जे अधिक हाती लागेल ते आपले मानी. त्याच्यामागे कर्ज देणारे सावकार आणि वसुलीस जाणारे अरब व रोहिले असत. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने १८२० नंतर जिल्ह्यांत युरोपियन देखरेख अधिकारी नेमून गावागणिक साऱ्याचे करार करविले. परंतु १८२९ मध्ये नासिर-उद्-दौला गादीवर येताच ते अधिकारी काढून घेण्यात आले व मक्ता पुन्हा रूढ झाला.

इंग्लंडात शेरीफाच्या पदाची अशीच गती झाली होती. शायरच्या उत्पन्नापोटी राजाला ठराविक रक्कम देऊन वरकड स्वतःकडे ठेवण्याची रीत नॉर्मन काळात पक्की झाली आणि कित्येक ठिकाणी पद वंशपरंपरेने चालू लागले. वूस्टरशायरमध्ये १०६९ च्या सुमारास नेमला गेलेला उर्स दाबितो याच्यानंतर शेरीफपद त्याच्या पुत्राकडे व मागाहून नात्यातील बोशाँ घराण्याकडे गेले. राजाने नेमलेला अधिकारी पाहता पाहता वतनदार झाला. दुसऱ्या हेन्रीने ११७० मध्ये शेरीफांच्या वर्तनाची सार्वत्रिक चौकशी करवून त्यांपैकी बहुतेकांना दूर केले, ते या प्रवृत्तीस आळा घालण्यासाठीच.

यावरून एक सामान्य सिद्धान्त मांडता येतो. ज्या अधिकाऱ्यास राजा वेतन देऊ शकत नाही, त्याला तो उत्पन्नाचा वाटा देतो. आणि ज्यास वाटा मिळतो तो कालांतराने त्या वाट्यास आपला हक्क मानू लागतो. वतन आणि मक्ता ही वरकरणी विरुद्ध दिसणारी दोन रूपे मूलतः या एकाच अडचणीतून उद्भवलेली आहेत. भेद इतकाच की, वतनदाराला पुढच्या पिढीसाठी रयत जगवावी लागते. मक्तेदाराला फक्त पुढच्या हप्त्यापर्यंत.

४. जिलाबंदी

१८५३ मध्ये सालारजंग दिवाण झाले तेव्हा वऱ्हाड नुकतेच इंग्रजांकडे सोपविले गेले होते आणि खजिना कर्जात बुडालेला होता. त्यांनी मक्तेदार तालुकदारांना क्रमाक्रमाने दूर करून पगारी अधिकारी नेमण्यास प्रारंभ केला. १८६४ मध्ये महसुलाच्या देखरेखीसाठी मंडळ स्थापन झाले आणि १८६५ मध्ये जिलाबंदी अमलात आली. संस्थानाचे जिल्हे व तालुके पाडण्यात आले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम व सोयम तालुकदार, आणि तालुक्यावर तहसीलदार. तालुकदार हा जुनाच शब्द राहिला, पण त्याचा अर्थ पालटला : कालचा ठेकेदार आज नोकर झाला. पोलिसाचे खाते पृथक् करून जिल्ह्यास मोहतमीम व खाली अमीन नेमले गेले.

या सुधारणेतील सर्वांत दूरगामी भाग देशमुख-देशपांड्यांच्या संबंधात आहे. त्यांची कामे काढून घेण्यात आली आणि मोबदला म्हणून रोख रुसूम बांधून देण्यात आले. सारा आता रयतेकडून थेट सरकारात जाऊ लागला. पुढे १८७५ च्या सुमारास मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतबंदी सुरू झाली. १८७४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून आलेले सय्यद महदी अली, पुढे मोहसिन-उल्-मुल्क म्हणून प्रसिद्ध झालेले, या कामात अग्रेसर होते. मोजणीचा खरा राजकीय अर्थ असा की, शेताविषयीचे ज्ञान प्रथमच देशपांड्याच्या रुमालातून निघून सरकारच्या नकाशावर आले. शतकानुशतके जे मागून घ्यावे लागत होते ते राज्याने स्वतः निर्माण केले.

रयतेच्या दृष्टीने हा लाभ सामान्य नव्हता. आकार ठरलेला, हप्ता ठरलेला आणि वसुलीस येणाऱ्याचा पोटापाण्याचा संबंध वसुलीच्या रकमेशी नाही, अशी स्थिती तत्त्वतः तरी उत्पन्न झाली. क्नूटने कायद्याने जे साधू पाहिले ते सालारजंगांनी पगाराने साधू पाहिले, असे म्हणता येईल.

परंतु या व्यवहारात एक गोष्ट गमावली गेली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. देशमुख हटला त्याबरोबर परगण्याची मजलिसही विसर्जित झाली. नव्या तालुकदाराकडे महसुलाबरोबर न्यायाचेही अधिकार होते. ते पृथक् झाले १९२१ मध्ये. त्याच्या कचेरीत गोत बसत नव्हते. कामकाजाची भाषा १८८४ पर्यंत फार्सी व तदनंतर उर्दू होती. गावचे दप्तर मात्र मराठीत, मोडी लिपीत राहिले. अधिकारी वेतनासाठी व बढतीसाठी हैदराबादेकडे पाहत होता, आणि पुष्कळदा तो या मुलखातलाच काय, पण संस्थानातलाही नसे. म्हणजे तो वरच्यास पूर्णपणे जबाबदार झाला. खालच्यांना जबाबदार असण्याचे एकही साधन उरले नाही. इंग्लंडात शेरीफावर राजाचा अंकुश आला, पण शायरची सभा टिकली. पुढे पार्लमेंटात शायरचे प्रतिनिधी निवडून पाठविण्याचे काम त्याच सभेतून झाले. येथे अंकुश आला आणि सभा गेली.

५. शेवटचा दुवा

जिलाबंदीची मजल तालुक्यापर्यंत होती. गावात पाटील व पटवारी वंशपरंपरेनेच राहिले. माली पाटील सारा वसूल करी, पोलीस पाटील बंदोबस्त पाही, पटवारी दप्तर राखी. देशपांड्याचे जे ज्ञान सरकारने मोजणीने हिरावले, त्याचा रोजचा वापर अखेर पटवाऱ्याच्याच लेखणीवर अवलंबून राहिला. शेतात पीक कोणाचे, कबजा कोणाचा, कूळ कोण, हे त्याने लिहावे आणि उर्दूत काम करणाऱ्या कचेरीने मानावे. निवाड्याचा कागद पूर्वी मजलिसीत सर्वांसमक्ष लिहिला जाई. नोंदीचा कागद आता एकट्याच्या घरी लिहिला जाऊ लागला. गावातील पटवाऱ्याचे वाढलेले महत्त्व हे जुन्या व्यवस्थेचे केवळ अवशेष नव्हते. नव्या व्यवस्थेनेच ते वाढविले.

खालसा मुलखाबाहेर जहागिरींचे क्षेत्र होते. तेथे जहागीरदाराचे नोकर कारभार पाहत. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या आणि १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने कुळास संरक्षण मिळाले. कूळ कोण हे ठरविण्यासाठी पुन्हा नोंदीकडेच जावे लागले. १९५४-५५ च्या खासरा पाहणीस मराठवाड्यातील जमिनीच्या वादात आजही जे महत्त्व आहे, त्याचे कारण हेच. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे पद संपुष्टात आले आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. १८६५ मध्ये जिल्ह्यापासून सुरू झालेली पगारी अधिकाऱ्याची साखळी सुमारे शंभर वर्षांनी गावापर्यंत पोचली.

त्याच वर्षी, १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पगारी अधिकाऱ्याची साखळी पूर्ण होत असतानाच त्याच्याशेजारी लोकांची सभा पुन्हा उभी करण्यात आली. आणि या वेळी ती हक्कदारांची नव्हे, तर सर्व प्रौढ मतदारांची होती. ज्या महारास मजलिसीत साक्षीपुरतेच स्थान होते आणि ज्या स्त्रीस तेही क्वचितच मिळे, त्यांना कायद्याने मत मिळाले.

६. उपसंहार

सालारजंगांच्या सुधारणांचे मूल्यमापन करताना दोन टोकांची मते संभवतात. एका मताने जिलाबंदी म्हणजे अराजकातून सुव्यवस्थेकडे टाकलेले पाऊल. दुसऱ्या मताने ती स्थानिक स्वायत्ततेचा अस्त होय. वर दिलेल्या तुलनेच्या प्रकाशात दोन्ही मते अपुरी ठरतात. मक्तेदाराचा जाच जिलाबंदीने कमी केला, आणि वतनदाराच्या हातातील ज्ञानाचा मक्ताही तिने मोडला. हे तिचे निर्विवाद श्रेय आहे. तथापि राजाच्या अधिकाऱ्यास आवर घालण्याचे उपाय दोन असतात : वरून हिशेब आणि खालून साक्ष. अथेलस्टनच्या इंग्लंडात पहिला उपाय दुबळा होता, पण दुसरा जिवंत होता. सालारजंगांच्या हैदराबादेत पहिला बळकट झाला आणि दुसरा नाहीसा झाला. त्याची उणीव पुढील सुमारे शंभर वर्षे चावडीवरील नोंदीच्या तंट्यांतून जाणवत राहिली.

मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास यातून एक दिशा मिळते. जिल्ह्याचा इतिहास अधिकाऱ्यांच्या नेमणुकांवरून लिहिण्याऐवजी तो नोंदीच्या हस्तांतरावरून लिहिला पाहिजे : महजर कोठे थांबले, रुसुमाच्या याद्या कोठे सुरू झाल्या, मोडी दप्तर व उर्दू मिसल यांत एकाच शेताविषयी काय फरक पडतो. अशा कागदांचे परस्परांशी ताडन केल्यावरच राजाची आज्ञा गावापर्यंत पोचली म्हणजे नेमके काय झाले, हे कळू शकेल.